पापनाशमहून : खड्डे मोजले, झाडं मोजायची राहिली

पापनाशम नावाची दोन गावं तामिळनाडूत आहेत. एक तिरुनेलवेलीकडे, डोंगराच्या पायथ्याशी, जिथे ताम्रपर्णी खाली उतरते. दुसरं तंजावर जिल्ह्यातलं, तंजावर–कुंभकोणम रस्त्यावरचं. मी लिहितोय ते या दुसऱ्यातून. सध्या माझी पोस्टिंग एनसीसीवर आहे आणि कॅडेट्सच्या कामासाठी या पट्ट्यात सारखं येणं-जाणं असतं. इथल्या देवळात १०८ शिवलिंगं आहेत. स्थानिक कथा अशी, की राक्षसांच्या वधाचं पाप फिटावं म्हणून प्रभू रामचंद्रांनी इथे पूजा केली, म्हणून गावाचं नाव पापनाशम. पुराणातलं मला फारसं कळत नाही, पण नाव मात्र मनात राहिलं. कारण माझ्या खात्यावर एक लहानसं पाप गेली बरीच वर्षं पडून आहे, आणि ते झाडांबद्दलचं आहे.

आधी ते सांगून टाकतो.

मेजर असताना मी दख्खनमधल्याच एका कोरड्या ठाण्यात होतो. नाव सांगायची गरज नाही, तशी ठाणी खूप आहेत. जूनच्या शेवटी वरून हुकूम आला : वृक्षारोपण, दोन हजार रोपं, पंधरा दिवसांत. फौजेला हुकूम दिला की काम होतं. जवानांनी मुरमात पहारीने खड्डे घेतले, चुना मारून रांगा सरळ केल्या, रोपं लावली, फोटो काढले. सीओ साहेब खूश, फॉर्मेशन खूश. पुढच्या वर्षी मे महिन्यात ‘किती रोपं जिवंत आहेत’ असा कागद आला. मी संध्याकाळी एकटाच फिरून आलो. दोनशेसुद्धा दिसली नाहीत. ऑफिसमध्ये आलो तेव्हा क्लार्कने कागद टाइप करून ठेवलेला होता, त्यात लिहिलं होतं ‘ऐंशी टक्के’. मागच्या वर्षीही तेच होतं, त्याच्या मागच्या वर्षीही तेच. मी सही केली.

कोणी मेलं नाही, कोणाचं नुकसान झालं नाही, असं तेव्हा मनाशी म्हणालो. पण जुलै आला तसे त्याच खड्ड्यांत पुन्हा दोन हजार रोपं लावायचा हुकूम आला. तेच जवान, तीच पहार, तेच खड्डे. एका नाईकने विचारलं, “साहेब, मागची जगली असतील तर ही कुठे लावायची?” त्याला मी काय उत्तर दिलं ते आठवत नाही. बहुतेक काहीच नाही.

आता इथे, पापनाशमला, ही गोष्ट का आठवली ते सांगतो.

हा कावेरीचा त्रिभुज प्रदेश. पाऊस हजार मिलिमीटरच्या आसपास, त्यातला बराचसा ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये. शिवाय मेट्टूर धरणाचं पाणी, जे रीतीप्रमाणे १२ जूनला सोडायचं असतं. सगळीकडे भात आणि केळी, मधूनमधून नारळ. मी माणदेशातला माणूस. आमच्याकडे पाचशे मिलिमीटर पडला तर त्या वर्षाचं नाव निघतं. इथल्या लोकांना ‘दुष्काळ’ म्हणजे काय हे सांगताना मला हातवारे करावे लागतात. अशा ठिकाणी बसून कोरडवाहू झाडांवर लिहिणं विचित्र वाटेल. पण मला धडा मिळाला तो याच चिखलात.

इथे एक निवृत्त सुबेदार साहेब आहेत. मद्रास रेजिमेंटचे, आता शेती करतात. हिंदी आपली फौजी, त्यामुळे आमचं जमतं. ऑगस्टमध्ये त्यांच्याकडे गेलो तेव्हा सांबा भाताची लावणी चालू होती. बांधावर एका टबमध्ये काळसर राबडी कालवलेली होती, आणि बायका भाताच्या रोपांच्या जुड्या लावणीआधी त्यात मुळांपर्यंत बुडवून ठेवत होत्या. मी विचारलं, हे काय? सुबेदार साहेब म्हणाले, “उयिर उरम.” उयिर म्हणजे जीव, उरम म्हणजे खत. पाकिटावरचं नाव होतं अॅझोस्पिरिलम. दोनशे ग्रॅमचं पाकीट, सरकारी शेती केंद्रातून आणलेलं. भुकटी लिग्नाइटची, आणि तिच्यात जिवंत जिवाणू.

“फायदा होतो?” मी विचारलं.

“साहेब, रंगरूट लाइनीत पाठवायचा तर सोबत जोडीदार द्यावा लागतो. एकट्याला कोण पाठवतं?”

मी हसलो, पण घरी येताना गाडीत हसू गेलं. दोन हजार रंगरूट मी एकटेच पाठवले होते, तेही मुरमात.

*

आता थोडं शास्त्र सांगतो. मी शास्त्रज्ञ नाही. एनडीएत केमिस्ट्री जेमतेम पास झालो होतो. पण गेल्या वर्षभरात रात्री वाचून जे समजलं ते साध्या भाषेत मांडतो.

हवेत ७८ टक्के नायट्रोजन आहे, पण झाडाला तो थेट घेता येत नाही. तो वायू इतका घट्ट बांधलेला असतो, की कारखान्यात तो फोडायला चारशे-पाचशे अंश तापमान आणि प्रचंड दाब लागतो. तेच काम काही जिवाणू मातीत, साध्या तापमानाला करतात. १८८०च्या दशकात जर्मनीत हेलरिगेल आणि विल्फार्थ यांनी दाखवलं, की शेंगवर्गीय पिकांच्या मुळांवरच्या गाठी या कामाच्या आहेत. १८८८मध्ये हॉलंडच्या बायेरिंक यांनी त्या गाठींतला जिवाणू वेगळा काढला. तो म्हणजे रायझोबियम. आपल्याकडे तूर-हरभऱ्याला बीजप्रक्रिया करताना लावतात तोच. अॅझोस्पिरिलमचं महत्त्व पुढे १९७०च्या दशकात ब्राझीलमध्ये योहाना डोबेराइनर यांच्या कामामुळे कळलं.

गंमत अशी, की अॅझोस्पिरिलम नायट्रोजन देतो म्हणून प्रसिद्ध झाला, पण त्याचा मोठा उपयोग दुसराच निघाला. तो मुळाशी राहून वाढीचं संप्रेरक बनवतो. त्यामुळे मुळांना फाटे जास्त फुटतात, मूळरोम वाढतात. म्हणजे तेवढ्याच मातीतून जास्त पाणी ओढता येतं. भाताला इथे पाण्याची ददात नाही. पण माणदेशातल्या रोपाला पहिल्या पावसानंतरच्या तीन महिन्यांत मूळ किती खोल गेलं, यावरच जगायचं की मरायचं ते ठरतं.

दुसरे काही जिवाणू स्फुरद मोकळं करतात. आपल्या दख्खनच्या चुनखडीच्या जमिनीत स्फुरद नसतो असं नाही, तो कॅल्शियमशी बांधलेला असतो. हे जिवाणू सेंद्रिय आम्लं सोडतात आणि तो सुटतो. शेतकरी यांना पीएसबी म्हणून ओळखतात.

तिसरा प्रकार मला सर्वांत महत्त्वाचा वाटला. पाणी तुटलं की झाड आपल्याच अंगात इथिलीन वायू वाढवतं. हाच वायू केळी पिकवतो. इथे केळीच्या वखारी जागोजागी आहेत, त्यामुळे मला ते लगेच समजलं. इथिलीन वाढलं की मुळांची वाढ थांबते, पानं गळतात. झाड घाबरून शस्त्र टाकतं म्हणा. मुळाशी राहणाऱ्या काही जिवाणूंकडे असं एक विकर असतं, जे इथिलीन ज्या पदार्थापासून बनतं तो पदार्थच फोडून खातं. धोक्याची घंटा बंद होत नाही, पण तिचा आवाज कमी होतो. तेवढ्या वेळात मूळ आणखी खाली जातं.

आणि चौथी गोष्ट : हे जिवाणू चिकट द्रव सोडतात, त्याने मुळाभोवती मातीचे कण धरून राहतात. ओल थोडी जास्त टिकते.

या चारही गोष्टी एकत्र मांडल्यावर माझ्या लक्षात आलं, की आपण झाडं लावतो तेव्हा जमिनीत जे असायला हवं ते आहे असं गृहीत धरतो. जंगलातल्या मातीत ते असतंही. पण उघड्या, धुपलेल्या माळावर वरची माती गेली की तिच्यासोबत हे जिवाणूही जातात. उरतो मुरूम. आणि नर्सरीतलं रोप येतं कुठून? प्लॅस्टिकच्या पिशवीतून, रोज पाणी आणि थोडा युरिया खाऊन, वर उंच आणि खाली मुळं पिशवीच्या तळाशी गुंडाळलेली. त्याला कधी तहान लागलेलीच नसते. ते थेट मुरमात जातं.

*

हे फक्त पुस्तकात नाही. आपल्या महाराष्ट्रात झालेलं आहे आणि फार थोड्या लोकांना माहीत आहे.

नागपूरजवळ सावनेर तालुक्यात गुमगाव इथे मँगनीजची खाण आहे. खाणीतून निघालेल्या मलब्याचे ढीग म्हणजे नुसता दगड-गोटा. त्यात ना सेंद्रिय माती, ना ओल, वर धातूंचं प्रमाण जास्त. तिथे नागपूरच्या नीरी संस्थेने, डॉ. आशा जुवारकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, झाडं उभी केली. पद्धत साधी होती, पण प्रत्येक पायरी नीट केलेली. मलब्यात साखर कारखान्याचा प्रेसमड किंवा शेणखत मिसळायचं. त्या परिस्थितीत टिकून राहिलेले रायझोबियम आणि अॅझोटोबॅक्टरसारखे जिवाणू शोधून, वाढवून, मुळाशी द्यायचे. सोबत मायकोरायझा, म्हणजे मुळांशी राहणारी बुरशी, द्यायची. मग साग, शिसू यांसारखी झाडं लावायची. जिथे गवत धरत नव्हतं तिथे झाडी आली. पुढे हीच पद्धत कोळसा खाणींच्या मलब्यावरही वापरली गेली.

यातली ‘त्या परिस्थितीत टिकून राहिलेले’ ही चार अक्षरं महत्त्वाची आहेत. जिवाणू कुठलाही आणून चालत नाही. सियाचीनला जायचं तर आधी जवानाला टप्प्याटप्प्याने उंचीची सवय करावी लागते, तसंच हे.

जगात या विषयावर सर्वांत चिकाटीने काम झालं ते मेक्सिकोत. मूळचे इस्रायली शास्त्रज्ञ योआव बाशान यांनी बाहा कॅलिफोर्नियातल्या ला पास इथे वर्षानुवर्षं वाळवंटात प्रयोग केले. तिथे वर्षाचा पाऊस दोनशे मिलिमीटरहूनही कमी. कार्दोन नावाचा प्रचंड निवडुंग आणि तिथली स्थानिक शेंगवर्गीय झाडं त्यांनी उजाड जमिनीवर लावली, मुळाशी अॅझोस्पिरिलमसारखे जिवाणू, सोबत बुरशी, थोडं कंपोस्ट, मोजकं पाणी. २०१८मध्ये ते वारले. त्यांच्या कामाचं मला आवडलेलं वैशिष्ट्य म्हणजे प्रामाणिकपणा. प्रत्येक जातीला सारखा फायदा झाला नाही, काही झाडांना झाला, काहींना फारसा नाही, आणि त्यांनी तसंच छापलं. प्रत्येक उपचारासोबत उपचार न केलेली रोपंही लावलेली होती, म्हणून फरक कळला. नाहीतर पाऊस चांगला झाला म्हणून जगली, की जिवाणूंमुळे, हे कोण सांगणार?

इथे तामिळनाडूत किनाऱ्याकडे सुरूची झाडं खूप आहेत, इथे त्यांना सवुक्कु म्हणतात. सुरू शेंगवर्गीय नाही, तरी त्याच्या मुळांवर गाठी येतात. त्यात फ्रँकिया नावाचा जिवाणू असतो. म्हणूनच सुरू नुसत्या वाळूत उभा राहतो. कोइंबतूरच्या वन अनुवंशशास्त्र संस्थेत यावर काम झालेलं आहे. म्हणजे हे ज्ञान आपल्याच देशात, आपल्याच सरकारी संस्थांत आहे. राहुरीच्या कृषी विद्यापीठाची अडीचशे ग्रॅमची पाकिटं आमच्या गावातही मिळतात. हरभऱ्याला वापरतात. बाभळीला किंवा करंजाला वापरावीत, असं कोणालाच सुचत नाही, कारण झाड लावणं हे शेतीचं काम नाही, ते समारंभाचं काम आहे.

*

आता माझं मत.

महाराष्ट्रात २०१६ साली १ जुलैला एका दिवसात दोन कोटी झाडं लावली. मग २०१७ला चार कोटी, २०१८ला तेरा कोटी, २०१९ला तेहतीस कोटी असं उद्दिष्ट ठरलं. हेतूबद्दल मला शंका नाही. लाखो लोकांनी घाम गाळला, त्यात आमचे फौजी आणि शाळेची पोरंही होती. पण हे सगळे आकडे लावलेल्या झाडांचे आहेत. लोकांच्या तोंडी राहिले तेही तेच. आकडा मोठा असला की खड्डा हेच काम होतं. कारण खड्डा एका दिवसात मोजता येतो, आणि झाड मोजायला तीन उन्हाळे थांबावं लागतं. तोपर्यंत साहेबाची बदली झालेली असते. माझीही झाली होती.

माझं म्हणणं असं, की कोरड्या भागात एकही रोप मुळाशी जिवाणू दिल्याशिवाय नर्सरीतून बाहेर पडू नये. हे काम खड्ड्यावर करायचं नाही, नर्सरीत करायचं. पिशवी भरताना मातीत चांगलं कुजलेलं शेणखत आणि जिवाणू खत मिसळायचं, म्हणजे रोप चार-सहा महिन्यांचं होईपर्यंत मुळं आणि जिवाणू एकमेकांना धरून असतात. एका पाकिटात शेकडो पिशव्या होतात. रोप, खड्डा, वाहतूक, मजुरी, टँकर या सगळ्या खर्चात हा खर्च चहापाण्याइतकाही नाही.

यावर दोन आक्षेप मी स्वतःच घेतो, कारण मेसमध्ये ते घेतले गेलेच आहेत.

पहिला : पाणीच नाही तिथे जिवाणू काय करणार? बरोबर आहे. जिवाणू पाणी बनवत नाहीत. पहिले दोन उन्हाळे थोडं पाणी, बुंध्याशी पालापाचोळ्याचं आच्छादन आणि शेळ्यांपासून राखण हे लागणारच. आमच्या माणात पाणी फाउंडेशनच्या स्पर्धेत गावांनी श्रमदानाने चर खोदले, त्या चरांच्या काठाची झाडं आणि वरच्या उघड्या माळावरची झाडं यांत फरक डोळ्यांना दिसतो. पण तेवढ्याच पाण्यात, तेवढ्याच कष्टात, मूळ वितभर जास्त खोल गेलं तर ते कोणाला नको आहे? लढाईत दारूगोळा कमी आहे म्हणून नकाशा घ्यायचा नाही, असं कोणी म्हणत नाही.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार : पाकिटात खरंच काही जिवंत असतं का? जिवाणू खतं २००६पासून खत नियंत्रण आदेशात आली आहेत. भुकटीच्या पाकिटात दर ग्रॅमला किमान पाच कोटी जिवंत जिवाणू हवेत, असा नियम आहे. कागदावर. पण एप्रिल-मेमध्ये पत्र्याच्या गोदामात ते पाकीट ठेवलं की आतले मरतात, आणि वरचं नाव तसंच राहतं. मेलेल्या जिवाणूंचं पाकीट आणि माझा ऐंशी टक्क्यांचा कागद यांत मला फारसा फरक दिसत नाही. म्हणून पाकिटावरची अंतिम तारीख बघून घ्यायचं, सावलीत थंड जागी ठेवायचं, रासायनिक खत किंवा बुरशीनाशकात मिसळायचं नाही, आणि उघडल्यावर लगेच वापरायचं. राशनच्या टिनावरची तारीख क्वार्टरमास्टर जसा बघतो तसं. तेवढी शिस्त नसेल तर पाकीट आणूच नये.

कोणी म्हणेल, पाकीट कशाला, जीवामृत करा. विदर्भातले सुभाष पाळेकर यांनी शेण, गोमूत्र, गूळ, बेसन आणि बांधावरची मूठभर माती यांचं ते सूत्र घरोघरी नेलं. इकडे नम्माळवार यांनी हेच काम तमिळमध्ये केलं. ते याच तंजावर जिल्ह्यातले, २०१३मध्ये वारले, आणि आजही इथल्या तरुण शेतकऱ्यांच्या तोंडी त्यांचं नाव असतं. मला यात विरोध दिसत नाही. त्या मूठभर मातीचं मोल त्यांनी ओळखलं, हे मोठंच आहे. फक्त प्रत्येक बॅरलमध्ये कोणते जिवाणू किती, हे वेगवेगळं निघणार. तेव्हा जीवामृत वापरा किंवा पाकीट वापरा, काही रोपं त्याशिवाय ठेवा आणि फरक मोजा. मोजल्यावर भांडण आपोआप मिटतं.

माझी आजी कुठलंही रोप लावताना खड्ड्यात जुन्या झाडाखालची ओंजळभर माती टाकायची. बाभळीचं रोप असेल तर बाभळीखालची. विचारलं तर म्हणायची, “त्येला घरचं वाटू दे.” आम्ही पोरं हसायचो. आता वाटतं, की नीरीच्या लोकांनी गुमगावला जे प्रयोगशाळेतून केलं, त्याचंच ते घरगुती रूप होतं.

आणखी दोन इशारे द्यावेसे वाटतात.

एक, जिवाणू हे चुकीच्या झाडाला बरोबर करत नाहीत. इथून दक्षिणेला रामनाथपुरमकडे गेलं की मैलोन् मैल वेडी बाभूळ दिसते, परदेशातून आणलेली. तिच्या मुळांवरही गाठी आहेत, तिलाही जिवाणूंची उत्तम साथ आहे, आणि म्हणूनच ती आवरत नाही. आपल्याकडे लवकर हिरवं दिसावं म्हणून गिरिपुष्प लावत सुटण्यातही तीच घाई आहे. करंज, खैर, बाभूळ, शिसव, कडुनिंब ही आपली माणसं. यांतल्या कडुनिंबाला गाठी येत नाहीत, चिंच-बहाव्यालाही शेंगा असून गाठी येत नाहीत. त्यांना रायझोबियमचा उपयोग नाही, पण मूळ वाढवणारे आणि स्फुरद सोडवणारे जिवाणू देता येतात. कुठल्या झाडाला कोणता जोडीदार, याची एक साधी यादी प्रत्येक नर्सरीच्या भिंतीवर हवी.

दोन, प्रत्येक मोकळा माळ म्हणजे ओसाड जमीन नव्हे. माणदेशातले, सोलापूरकडचे गवताळ माळ हे लांडग्याचं, माळढोकाचं घर आहे आणि मेंढपाळाचं पोट. तिथे झाडं लावून जगवली तरी ते नुकसानच. आधी जागा ठरवा, मग झाड, मग जिवाणू, आणि सर्वांत शेवटी आकडा. आपण नेमके उलटे चालतो.

*

फौजेकडून हे होऊ शकतं का? होतंच आहे. टेरिटोरियल आर्मीची पहिली इको बटालियन १९८२मध्ये डेहराडूनला उभी राहिली. मसुरीच्या डोंगरांवर चुनखडीच्या खाणींनी पांढरे ओरखडे पाडले होते, ते तिने पुन्हा हिरवे केले. पुढच्या वर्षी राजस्थानच्या वाळूत, इंदिरा गांधी कालव्याच्या भागात, दुसरी बटालियन कामाला लागली. आपल्या मराठवाड्यासाठी महार रेजिमेंटशी जोडलेली १३६ इको बटालियन छत्रपती संभाजीनगरला आहे. या बटालियनमध्ये निवृत्त जवान असतात, आणि ते एकाच भागात वर्षानुवर्षं राहून काम करतात. मला वाटतं यश त्यातच आहे. लावणारा आणि मोजणारा एकच माणूस असला की खोटा आकडा लिहायला हात धजत नाही.

बाकीच्या ठाण्यांनी, शाळांनी, ग्रामपंचायतींनी एवढंच करावं : दोन हजारांऐवजी दोनशे रोपं लावावीत. शंभर जिवाणू देऊन, शंभर न देता. खुणेला वेगवेगळ्या रंगाची पट्टी. दर मे महिन्यात हजेरी. जो आकडा येईल तो लिहायचा. दोनशेतली वीस जगली तर वीस लिहायची. वीस हा आकडा खरा असेल तर त्यावर पुढचं काम उभं राहतं. ऐंशी टक्के खोटे असतील तर पुढच्या जूनमध्ये पुन्हा तेच खड्डे.

मी माझ्यापुरतं सुरू केलं आहे. गेल्या वर्षी सुट्टीवर गेलो तेव्हा धाकट्या भावाच्या मदतीने गावाकडच्या आमच्या पडीक वावरात दोनशे रोपं लावली, करंज आणि बाभूळ. शंभरांना मुळाशी जिवाणू खत आणि जुन्या झाडाखालची माती, शंभरांना काहीच नाही. पाणी सगळ्यांना सारखं, आच्छादनही सारखं. कोणत्या रांगेत काय आहे हे भावाला सांगितलेलं नाही, म्हणजे एखाद्या रांगेला चोरून दोन तांबे पाणी जास्त जायला नको. तो वैतागून म्हणतो, “दादा, झाडांची पण परेड घेणार काय?” घेणार. एक उन्हाळा झाला आहे, पण एका उन्हाळ्यावर निकाल लावणं म्हणजे पुन्हा जुनी चूक. तिसऱ्या उन्हाळ्यानंतरचा आकडा इथेच लिहीन. माझं सगळं म्हणणं खोटं ठरवणारा निघाला तरी लिहीन.

जाता जाता एक. तंजावरच्या बृहदीश्वराच्या देवळात भिंतीवर मराठीत कोरलेला प्रचंड शिलालेख आहे, सरफोजीराजांच्या काळातला, १८०३चा. भोसल्यांचा इतिहास दगडात लिहिलेला. महाराष्ट्रातून आलेला प्रत्येक जण तिथे उभा राहून अक्षरं लावत वाचतो, मीही वाचली. दगडावर लिहायचं तर माणूस विचार करून लिहीत असेल, कारण ते खोडता येत नाही. आपण कागदावर लिहितो, म्हणून सही पटकन होते.

परवा सुबेदार साहेबांना माझी ती जुनी सहीची गोष्ट सांगितली. ते थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, “साहेब, देवळात जाऊन आलात ना?” म्हटलं, आलो. म्हणाले, “मग आता झाडं मोजायला जा.”

मे महिन्यात सुट्टी टाकली आहे.